शारीरिक श्रमातील देहतापमानाचे पूर्वानुमान

श्रम करणाऱ्या व्यक्तीच्या शरीराच्या गाभ्याचे तापमान थेट न मोजता हृदयगती, त्वचेचे तापमान, श्रमाची तीव्रता, हवामान व कपडे यांवरून सांख्यिकीय प्रतिमानांच्या साहाय्याने अंदाजण्याची पद्धती. गाभ्याचे तापमान गुदाशयात, अन्ननलिकेत किंवा गिळण्याच्या संवेदक-गोळीने मोजता येते. मात्र धावणारा खेळाडू, कूच करणारा सैनिक किंवा अग्निशामक यांच्या बाबतीत ते क्वचितच साधते.

स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी सुमारे पाऊण भाग वा त्याहून अधिक उष्णतेत रूपांतरित होतो. देहाची विशिष्ट उष्णता (१ किग्रॅ. देहाचे तापमान १° से.ने वाढवण्यास लागणारी उष्णता) ३.४७ किलोजूल प्रति किग्रॅ. प्रति °से. धरल्यास, ७० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीत ७०० वॉट उष्णता नुसती साठत राहिली, तर अवघ्या ६ मिनिटांत तापमान १° से.ने चढेल. तसे होत नाही याचे मुख्य श्रेय घामाला जाते. १ ग्रॅम घामाच्या बाष्पीभवनाने सुमारे २.४३ किलोजूल उष्णता निघून जाते.

तापमानवाढ नेमकी कशावर अवलंबून असते, हा जुना वाद आहे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ नील्सन यांनी १९३८ मध्ये दाखवले, की बाह्य तापमानाच्या बऱ्याच मोठ्या पल्ल्यात गाभ्याचे तापमान हवेपेक्षा श्रमाच्या तीव्रतेनुसार ठरते. साल्टिन व हर्मान्सेन (१९६६) यांनी ही तीव्रता व्यक्तीच्या कमाल ऑक्सिजन-ग्रहणाच्या (श्रमात शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, त्याच्या) टक्केवारीत मोजावी असे सुचवले आणि हे मत दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. जे व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये देहवस्तुमान सारखे, पण कमाल ऑक्सिजन-ग्रहण, म्हणजे तंदुरुस्ती, फार वेगळी असलेल्या गटांची तुलना केली. उष्णतानिर्मिती समान ठेवता दोन्ही गटांची तापमानवाढ जवळजवळ सारखीच आली. टक्केवारी समान ठेवली, तेव्हा तंदुरुस्त गट अधिक तापला, कारण त्याच टक्केवारीला तो अधिक उष्णता निर्माण करतो. त्यामुळे प्रतिमानात प्रति किग्रॅ. उष्णतानिर्मिती घेणे अधिक सयुक्तिक ठरते. तरीही तंदुरुस्तीचा परिणाम पूर्णपणे नाकारता येत नाही. घाम गाळण्याची कमाल क्षमता गाठली जाते अशा परिस्थितीत तो विशेष दिसतो.

गिव्होनी व गोल्डमन (१९७२) यांनी प्रयोगांतील आकड्यांवरून समतोल-तापमान (श्रम चालू राहिल्यास तापमान शेवटी जेथे स्थिरावेल तो आकडा) काढून त्याकडे होणारी, सुरुवातीला वेगवान व पुढे मंदावणारी वाटचाल घातांकी सूत्राने मांडली. बुलर व सहकाऱ्यांच्या (२०१३) पद्धतीत फक्त हृदयगती लागते. गाभ्याचे तापमान ही अदृश्य अवस्था आणि हृदयगती हे तिचे गोंगाटयुक्त (यादृच्छिक चुका मिसळलेले) निरीक्षण मानून काल्मन फिल्टर ही गणिती पद्धत दर मिनिटाला अंदाज सुधारतो. दोहोंतील नाते द्विघात, म्हणजे सरळ रेषेऐवजी वक्राचे, आहे. सरासरी चूक जवळजवळ शून्य असली, तरी ९५ टक्के अंदाज ±०.६३° से.च्या पट्ट्यात पडतात. म्हणजे ३८.५° हा अंदाज प्रत्यक्षात ३७.९° किंवा ३९.१° असू शकतो. गटासाठी हे पुरेसे आहे. एका माणसाला थांबवायचे की नाही हे ठरवताना नाही. भीती वा निर्जलीभवन यांमुळे हृदयगती वाढली, तरी फिल्टरला ती उष्णताच वाटते.

चाचणीतही एक सापळा आहे. एकाच व्यक्तीची लागोपाठची मापने परस्परावलंबी असतात. ती प्रशिक्षण (प्रतिमान ज्यावरून बनते) व चाचणी (ते ज्यावर तपासले जाते) अशा दोन्ही संचांत विभागली गेली, तर अचूकता फुगून दिसते. म्हणून संपूर्ण व्यक्तीच वगळून चाचणी घ्यावी आणि व्यक्तिगत फरक मिश्र-परिणाम प्रतिमानात (सर्वांना समान परिणाम व व्यक्तिव्यक्तींतील फरक दोन्ही मोजणाऱ्या प्रतिमानात) स्वतंत्र पदाने धरावेत.

बहुतेक मापने तरुण व निरोगी पुरुषांची असल्याने वृद्ध, मुले व गर्भवती यांना ही सूत्रे जशीच्या तशी लावू नयेत.