तुळस-पिंपळ खरंच ओझोन सोडतात का?

परत तोच मेसेज फिरतोय, "तुळस आणि पिंपळ ओझोन सोडतात, पहाटे जंगलात जाऊन तो छातीत भरून घ्या." माझ्या आत्तीनंही मोठ्या काळजीनं पाठवला, म्हणून नीट लिहितो.

कुठलंच झाड ओझोन सोडत नाही. झाडं सोडतात ती आयसोप्रीन, टर्पीन असली वायुरूप द्रव्यं. पन्हाळ्याला गेलात तर निलगिरीचं एक पान चुरगाळून हुंगा, तो जो झणझणीत वास येतो ना तेच टर्पीन, आणि जंगलाच्या वासात यांचा मोठा वाटा. ओझोनचा वास वेगळाच, उग्र, वेल्डिंगच्या ठिणग्यांजवळ कधीकधी येतो तसला.

मग जमिनीलगतचा ओझोन येतो कुठनं? गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साईड आणि ही असली द्रव्यं (झाडांची काय नि पेट्रोलची काय) एकत्र आली की उन्हात तो तयार होतो. म्हणजे ऊन लागतंच, त्यामुळं पहाटे तो सहसा सगळ्यात कमी आणि दुपारी जास्त. उलट पानं आपल्या छिद्रांतून ओझोन शोषून घेतात, आणि काही टर्पीन त्याच्याशी रिॲक्शन होऊन त्याला संपवतात पण.

आणि तो छातीत भरायची गोष्टच नाही ओ, श्वासनलिकेला त्रास देतो, दमेकऱ्यांना जास्तच. आपल्याकडं मर्यादा आहे 8 तासांच्या सरासरीला 100 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर.

बघायचं असेल तर हवेच्या गुणवत्तेच्या साईटवर ओझोनचा तासातासाचा आलेख उघडा, पहाटे 5 आणि दुपारी 2 चे आकडे शेजारी ठेवा. पहाटे राधानगरीच्या जंगलात जरूर जा, तिथली हवा गार असते, धूर-धूळ कमी असते, म्हणूनच बरं वाटतं.