सेट म्हणजे बसवणं

ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली आली, तेव्हा तिच्यात सर्वांत लांब नोंद होती 'सेट' या इवल्याशा शब्दाची. नुसत्या क्रियापदाचेच सुमारे ४३० अर्थ, आणि ते उलगडायला जवळपास ६०,००० शब्द! पुढे कोशाच्या नव्या कामात 'रन'नं ६४५ अर्थांनिशी त्याला मागं टाकलं. तरी मला 'सेट'च जास्त आवडतो, कारण तो मराठी माणसाला लवकर कळायला हवा.

'सिट' म्हणजे बसणं आणि 'सेट' हे त्याचंच प्रयोजक रूप, म्हणजे बसवणं. हा धागा हाती आला की पाठांतर बरंच कमी होतं. सोनार कोंदणात हिरा बसवतो, डॉक्टर मोडलेलं हाड बसवतात. दोन्हीकडे इंग्रजीत 'सेट'च. टेबल मांडणं, सापळा लावणं, तारीख ठरवणं हेही मुळात वस्तू किंवा गोष्ट जागेवर बसवणंच आहे. आपणही कुठं थांबलो? गणपती बसवतो, नाटक बसवतो, कर बसवतो, घडी बसवतो. दोन्ही भाषांनी एकाच साध्या कृतीवरून अर्थांचा असा संसार उभा केला.

अशा जोड्या इंग्रजीत आणखीही आहेत. 'फॉल' म्हणजे पडणं, तर झाड तोडून पाडण्याला 'फेल'. 'ड्रिंक' म्हणजे पिणं, तर 'ड्रेंच'चा जुना अर्थ पाजणं. गुराढोरांना औषध पाजण्यासाठी तो आजही वापरतात. आत एक स्वर बदलला, की करणाऱ्याचा करवणारा होतो. पडणं-पाडणं म्हणताना आपणही तेच करतो.

आता संस्कृतकडे वळू, कारण ती आणि इंग्रजी मुळात एकाच प्राचीन भाषेतून निघालेल्या. 'सद्' म्हणजे बसणं, 'सादयति' म्हणजे बसवतो. इंग्रजी, जर्मन या भाषा ज्या जर्मानिक कुळातल्या, त्या कुळातलं 'सेट'चं जे प्राचीन रूप अभ्यासकांनी तुलनेनं मांडलं आहे, ते साधारण 'सत्यन' असं उच्चारता येईल. मूळचा 'द' जर्मानिक भाषांत 'त' झाला. 'दश' आणि 'टेन', 'द्वि' आणि 'टू' यांतही हाच बदल दिसतो. 'सत्यन'मधल्या 'य'नं आधीच्या 'अ'ला आपल्याकडे ओढलं आणि त्याचा 'ए' झाला. म्हणजे सदन, सभासद, परिषद हे शब्द 'सेट'चे भाऊबंद. संस्कृत 'नीड' आणि इंग्रजी 'नेस्ट'ही याच घरातले: पक्षी खाली बसतो ती जागा.

चहाच्या कपांचा 'सेट' मात्र मुळात वेगळा. तो लॅटिन 'सेक्ता'वरून, जुन्या फ्रेंचमधून आला. 'सेक्ता' म्हणजे कुणाच्या तरी मागून जाणाऱ्यांचा समुदाय. इंग्रजीत आल्यावर उच्चार जुळले आणि दोघांचे अर्थही एकमेकांत मिसळत गेले. मागून जाणं, सोबत असणं या अर्थाचा या शब्दामागचा धातू संस्कृतात 'सच्' असा दिसतो, आणि त्यावरून आलेला शब्द आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो: सचिव.