पाऊस गेला का तुमच्याकडे?

मागच्या ऑक्टोबरात एका दुपारी मी डब्याच्या झाकणावर चिडले. झाकण अडकलं होतं, एवढंच. पण डबा ओट्यावर असा आपटला की आतल्या खोलीतून नवरा "काय झालं गं?" विचारत आला. काय झालं ते मलाही सांगता येईना. पंखा पाचवर होता, वारा म्हणून लागत नव्हता आणि मानेवरचा घाम ओघळून पाठीत उतरत होता.

झालं होतं ते इतकंच, की पाऊस गेला होता.

मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. ढग सरतात, ऊन थेट खाली उतरतं आणि चार महिने भिजलेली जमीन वाफ सोडत राहते. त्यात जमिनीवरून पूर्वेचा वारा सुटला, की समुद्राकडची झुळूकही उशिरा येते. आमच्या डोंबिवलीपर्यंत तर ती पोचेपर्यंत चहाची वेळ टळून गेलेली असते.

घाम आल्याने गार वाटत नाही, घाम वाळल्याने वाटतं. एक लिटर घाम पुरता वाळला, तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता ठिबकतो. पाणी गेलं, मीठ गेलं, उष्णता मात्र जागेवर. मग हृदय त्वचेकडे जास्त रक्त ढकलायला लागतं आणि ठोके वाढतात. आता घाम, धडधड, तापलेले कान ही यादी पाहा. राग आल्यावर तरी याहून वेगळं काय होतं? शरीराच्या आतल्या या खबरा मेंदूच्या 'इन्सुला' नावाच्या भागाकडे जातात, पण त्यांचं कारण त्यांच्यावर लिहिलेलं नसतं. ते मेंदू आजूबाजूला बघून लावतो. हवा काही दिसत नाही. झाकण समोर होतं.

नॉर्बर्ट श्वार्झ आणि जेराल्ड क्लोर या मानसशास्त्रज्ञांचा १९८३ सालचा एक प्रयोग इथे आठवतो. अमेरिकेत त्यांनी लोकांना फोन करून विचारलं, एकूण आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? लख्ख ऊन असलेल्या दिवशी उत्तरं खुशीतली आली, पावसाळी दिवशी पडेल. (तिकडे ऊन म्हणजे सुख. ऑक्टोबरात ठाण्याला फोन लावले असते, तर निकाल उलटा लागला असता असं माझं आपलं मत.) पण काही जणांना त्यांनी आधी सहज विचारलं, "तुमच्याकडे आज हवा कशी आहे?" आणि त्यांच्या उत्तरांतला हा फरक नाहीसा झाला. हवेकडे एकदा लक्ष गेल्यावर तिचं खापर आयुष्यावर फुटेना. पुढच्या मोठ्या पाहण्यांत हवेचा समाधानावरचा परिणाम अगदीच किरकोळ निघाला, तेव्हा या प्रयोगावर फार मोठा इमला बांधू नये. तरी 'सजगता' म्हणजे नेमकं काय, हे मला त्या एका प्रश्नातून जितकं कळलं तितकं डोळे मिटून बसायच्या वर्गांतून कळलं नाही.

शरीर मात्र आपल्या लक्ष देण्याची वाट पाहत बसत नाही. रोज थोडा वेळ उष्णता सोसली, तर साधारण एक ते दोन आठवड्यांत ते सरावतं: घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला द्रव वाढतो आणि तेवढ्याच कामाला हृदयाला कमी ठोके पुरतात. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून 'ऋतुसंधी' म्हटलं आहे आणि जुन्या सवयी या काळात हळूहळू सोडायला सांगितल्या आहेत. दोन्हीकडे जवळपास चौदा दिवस! एवढ्यावरून 'आपल्याकडे हे आधीच ठाऊक होतं' असा ढोल मी वाजवणार नाही, आकडे जुळणं म्हणजे पुरावा नव्हे. पण 'हळूहळू' हा सल्ला मला पटतो. एसी घर, एसी गाडी, एसी ऑफिस असा दिवस काढणाऱ्याचं शरीर सरावणार तरी कशाला?

म्हणून त्या दोन आठवड्यांत मी सकाळी कोवळ्या उन्हात भाजी आणायला चालत जाते आणि दुपारची भांडणं संध्याकाळवर ढकलते. चिडचिड झालीच तर आधी हात मानेकडे जातो. मान चिकट असेल तर पाणी पिते, तोंडावर ओला हात फिरवून पंख्याखाली बसते आणि मग ठरवते, की राग कुणाचा आला होता. (गरगरणं, मळमळ, डोकं भणभणणं हे मात्र सजगतेचं खातं नव्हे, तेव्हा सावलीत आडवं व्हायचं आणि डॉक्टरांना गाठायचं.)

देवगडच्या मावशीचा फोन आला की ती कधी "कशी आहेस?" विचारत नाही. पहिला प्रश्न ठरलेला: "काय गं, पाऊस गेला का तुमच्याकडे?" लहानपणी वाटायचं, हिला दुसरं काही सुचत नाही. हल्ली मी खिडकीबाहेर बघून नीट उत्तर देते. मग ती विचारते, "बरं, आता सांग, घरी काय म्हणतायत सगळे?"