देवनीमोरी: १२७वं वर्ष नेमकं कुणाचं?

बडोद्यात प्राचीन गुजरातचा विषय निघाला की बोलणं हमखास शामळाजीजवळच्या देवनीमोरी या बौद्ध स्थळी सापडलेल्या करंडकावर (अवशेष ठेवायच्या डबीवर) येतं आणि त्यावरच्या १२७ या आकड्यापाशी अडतं.

आधीचं थोडक्यात. गायकवाडी अमदानीत पुरातत्त्व खातं होतं, पण खरा जिव्हाळा मूर्ती, ताम्रपट, शिलालेखांचा. १९५०मध्ये विद्यापीठात स्वतंत्र विभाग आला आणि थर ओळखत खणण्याची शिस्त रुजली: आखीव चौकोनी खड्डे, मधे राखलेल्या मातीच्या भिंती, थरागणिक वेगळी ठेवलेली खापरं.

पुढे शामळाजीजवळ मेश्वोवर धरण ठरलं. जागा बुडणार, म्हणून १९६० ते ६३ दरम्यान बडोद्याच्या या विभागातल्या मंडळींनी देवनीमोरीचा स्तूप आणि विहार खणले. भाजलेल्या मातीच्या सुरेख बुद्धमूर्ती मिळाल्या, क्षत्रपांची, म्हणजे इथे राज्य केलेल्या शक राजांची, नाणी मिळाली आणि लेख कोरलेला दगडी करंडकही.

लेखात ‘कथिक नृपांचं’, म्हणजे कथिक राजांच्या कालगणनेतलं, १२७वं वर्ष आहे आणि राजा रुद्रसेन. शक संवत धरला तर इ.स. २०५च्या आसपास, म्हणजे पहिला रुद्रसेन. इ.स. २४८-४९च्या कलचुरी संवताने मोजलं तर ३७५-७६, म्हणजे तिसरा रुद्रसेन. राजा दोन्हीकडे हजर, त्यामुळे त्याची साक्ष निरुपयोगी! क्षत्रप आपल्या नाण्यांवर शक वर्षं घालत, हा २०५वाल्यांचा आधार. पण शकच अभिप्रेत होता तर कथिकांचं नाव कशाला? मला ३७५ अधिक पटतं. तरीही या मूर्ती सारनाथच्या पाचव्या शतकातल्या नामांकित बुद्धांच्या आधीच्याच ठरतात, हे उत्तरेकडची कला लिहिणारे घाईत विसरतात.

भाजलेल्या मातीचं वय आता तापदीप्तीने, म्हणजे ती तापवल्यावर निघणारा प्रकाश मोजून, काढता येतं. अडचण अशी, की त्यात पाच-दहा टक्के इकडेतिकडे होतं. सतराशे वर्षांवर ते शे-दीडशे भरतं आणि वाद आहे १७० वर्षांचा. शिवाय वस्तू गाडली होती तिथल्या मातीचा किरणोत्सर्गही मोजावा लागतो. ती माती जलाशयाच्या तळाशी.

म्हणून जोर नाण्यांच्या थरनोंदींवर, म्हणजे कुठलं नाणं कुठल्या थरात मिळालं यावर, द्यायला हवा. बांधकामाच्या भरावात बंदिस्त झालेलं नाणं तिसऱ्या शतकाच्या अखेरचं असेल तर २०५ बाद. जुनं असेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. नाणी पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात.