७५४२ की ७५७२? पु-अर चहाचे दोन मार्ग

चीनच्या युन्नान प्रांतातील मेंगहाय चहा कारखान्याच्या दोन नामांकित चहांना चार अंकी क्रमांक आहेत : ७५४२ आणि ७५७२. पहिले दोन अंक मिश्रणाचे सूत्र ज्या वर्षाशी जोडले जाते ते वर्ष, म्हणजे १९७५, सांगतात; तिसरा अंक पानांची सर्वसाधारण प्रत दाखवतो आणि शेवटचा २ हा कारखान्याचा क्रमांक आहे. दोन्ही पु-अर, म्हणजे साठवणीत वर्षानुवर्षे बदलत जाणारे युन्नानचे चहा आहेत, दोन्ही ३५७ ग्रॅमच्या दाबलेल्या चकत्यांच्या रूपात विकले जातात. तरीही ताज्या ७५४२चा काढा पिवळसर, कडवट आणि तुरट उतरतो, तर ७५७२चा गडद तपकिरी, दाट आणि जवळजवळ तुरटपणाविना. पहिला ‘कच्चा’ पु-अर, दुसरा ‘पिकवलेला’. नव्याने पु-अरकडे वळणाऱ्याला या दोहोंतून निवड करावी लागते, आणि ती डोळसपणे करायची तर पानात काय घडते हे आधी पाहायला हवे.

दोहोंचा आरंभ एकच आहे. कॅमेलिया सायनेन्सिस या वनस्पतीच्या आसामिका या मोठ्या पानांच्या प्रकारापासून पु-अर तयार होतो. आपल्याकडे दूध घालून उकळला जाणारा आसामचा दाणेदार सीटीसी चहाही याच प्रकारच्या झाडांचा असतो. खुडलेली पाने थोडी सुकवून मोठ्या लोखंडी कढईत परततात, त्यामुळे पानांना काळे पाडणारी विकरे (एन्झाइम) बऱ्याच अंशी निष्क्रिय होतात. मग पाने मळून उन्हात वाळवतात. हिरव्या चहासाठी सहसा कढईत किंवा गरम हवेत वाळवण करतात; पु-अरसाठी मात्र उन्हातली सौम्य वाळवण आवश्यक मानली जाते, कारण पुढे वर्षानुवर्षे बदलत राहण्याची क्षमता पानात शिल्लक राहावी, असा त्यामागचा हेतू असतो.

येथून वाटा वेगळ्या होतात. कच्च्या पु-अरसाठी ही वाळवलेली पाने वाफेवर मऊ करून लगेच दाबली जातात. त्यामुळे पानातील कॅटेचिन या वर्गातील पॉलिफेनॉल जवळजवळ जसेच्या तसे राहतात. ही द्रव्ये लाळेतील प्रथिनांना चिकटतात, लाळेचा निसरडेपणा कमी होतो आणि जीभ ओढल्यासारखी वाटते. तुरटपणा हा चवीपेक्षा स्पर्शाचा अनुभव आहे, तो असा. कडवटपणात कॅटेचिनांबरोबर कॅफीनचाही वाटा असतो. साठवणीत कॅटेचिनांचे ऑक्सिडीकरण होत राहते, ओलसर हवेत सूक्ष्मजीवही थोडा हातभार लावतात, आणि रंग पिवळ्याकडून नारिंगी-तांबूस होत जातो. दमट हाँगकाँगच्या गोदामात हा बदल लवकर घडतो. उंचावरील, कोरड्या हवेच्या कुनमिंगमध्ये तीच चकती कितीतरी काळ तरुण राहते. म्हणूनच चकतीवर छापलेल्या वर्षाला एकट्याने फारसा अर्थ नाही, ती कुठे ठेवली होती हे विचारलेच पाहिजे.

इतकी वर्षे थांबण्याची ग्राहकांची तयारी नसते. हाँगकाँग आणि ग्वांगडोंगमध्ये गडद, मऊ चहाला मागणी होती आणि ती भागवण्यासाठी १९७३ साली कुनमिंग चहा कारखान्यात ढीग लावून चहा पिकवण्याचे तंत्र विकसित करण्यास सुरुवात झाली. वाळलेल्या पानांचे मोठे ढीग घालून त्यांवर पाणी शिंपडतात आणि वर ओले कापड झाकतात. शेणखताचा ढीग उकरला की आतून वाफ निघते, तसाच हाही ढीग सूक्ष्मजीवांच्या श्वसनाने आतून तापतो. तापमान ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. ते फार चढले तर पाने करपल्यासारखी काळी आणि निर्जीव होतात, म्हणून कामगार ठरावीक दिवसांनी ढीग उलथापालथा करतात. साधारण दीड-दोन महिन्यांत काम पुरे होते. ॲस्परजिलस नायजर ही बुरशी आणि तिच्यासोबतचे यीस्ट व जिवाणू आपल्या विकरांनी कॅटेचिनांचे रूपांतर घडवतात. त्यांच्या जोडणीतून थिआब्राउनिन ही मोठ्या रेणूंची तपकिरी द्रव्ये बनतात, त्यांचाच तो गडद रंग.

पिकवलेला पु-अर म्हणजे घाईने म्हातारा केलेला कच्चा पु-अर, असे विक्रेते सर्रास सांगतात. मला हे पटत नाही. उष्ण, ओल्या ढिगातील सूक्ष्मजीवांचे महिन्या-दोन महिन्यांचे काम आणि कोरड्या फळीवरचे तीस वर्षांचे मंद ऑक्सिडीकरण या दोन भिन्न प्रक्रिया आहेत आणि त्यांतून निघणारी द्रव्येही सारखी नसतात. फरक डोळ्यांनीही दिसतो. चहा काढून झाल्यावर उरलेली पाने पांढऱ्या बशीत पसरावीत : चांगल्या साठवणीतील कच्च्या चहाची पाने बरीच वर्षे उलटली तरी लवचिक राहतात, देठासकट उलगडतात, पिकवलेल्याची काळपट पाने चिमटीत दाबली की चुरतात किंवा लगदा होतात.

कॅफीनबाबतही गैरसमज आहे. हा रेणू टिकाऊ असल्याने ढिगात तो फारसा कमी होत नाही. चव मऊ झाली म्हणून पिकवलेला चहा रात्री निर्धास्तपणे घ्यावा, असे नाही. कोलेस्टेरॉलविषयीचे दावे तर अधिकच जपून ऐकावेत. थिआब्राउनिन आतड्यातील जिवाणूंच्या मार्गाने कोलेस्टेरॉल कमी करू शकते, असे दाखवणारे संशोधन २०१९ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यातील यंत्रणेचा उलगडा प्रामुख्याने उंदरांवरील प्रयोगांतून झाला होता, त्यामुळे त्यावरून औषधासारखा डोस ठरवता येत नाही.

माझे मत विचाराल, तर दुधाच्या चहाची सवय असलेल्याने आरंभ पिकवलेल्यापासून करावा. दुधातील केसीन हे प्रथिन पॉलिफेनॉलांना बांधून तुरटपणा दडपते, आणि तशी सवय झालेल्या जिभेला ताजा कच्चा पु-अर पहिल्या घोटात फार टोचतो. १०० मिलिलिटर पाण्याला ५ ते ६ ग्रॅम पाने घ्यावीत, उकळत्या पाण्याने एकदा खंगाळून ते पाणी टाकून द्यावे आणि मग दहा-पंधरा सेकंदांचे छोटे काढे घ्यावेत. ढिगाचा ओलसर मातकट वास येत असेल, तर फोडलेले तुकडे काही आठवडे मातीच्या बरणीत सैल झाकणाखाली ठेवावेत. हिरव्या चहाची गोडी लागलेल्या माणसाने मात्र थेट कच्चा पु-अर घ्यावा, पाणी ९० अंशांच्या आसपास आणि पहिला काढा पाच सेकंदांचा ठेवावा. कॅटेचिन गरम पाण्यात झपाट्याने उतरतात, म्हणून कडवटपणा अधिक वाटल्यास पाने कमी करण्याआधी वेळ कमी करून पाहावा.