काइराकुएन : फुलं रयतेची, फळं फौजेची

फेब्रुवारीच्या मध्यावर जपानमधल्या मितो शहरात थंडी अजून हटलेली नसते. तरीही काइराकुएन बागेतली उमेची झाडं अंगावर एक पान नसताना फुलायला लागतात. उमेला सगळे 'प्लम' म्हणतात, पण हे झाड जर्दाळूच्या जास्त जवळचं. चेरीचं फूल लांब देठावर झुलतं. उमेचं मात्र फांदीला अगदी चिकटून बसतं, आणि त्याला छान वास असतो.

ही बाग १८४२ साली तोकुगावा नारिआकीने उभी केली. तो मितोचा नववा दाइम्यो, म्हणजे आपल्या भाषेत संस्थानिक. 'लोकांसह आनंद घ्यावा' ही मेन्शियस या चिनी विचारवंताची कल्पना त्याने बागेच्या नावातच घातली, आणि ती नुसती नावापुरती राहिली नाही. तारखेत ३ किंवा ८ आला की त्या दिवशी बाग रयतेला खुली असे. सरदारांच्या बागा भिंतीआड असण्याच्या काळात हे अप्रूपच.

पण झाड उमेचंच का? कारण नारिआकीने स्वतः लिहून ठेवलं आहे. उमेचं फूल बर्फाला न जुमानता वसंताच्या आधी येतं आणि कवींना सोबत करतं. आंबट फळ तहान भागवतं आणि स्वारीवर उपयोगी पडतं. मिठात मुरवून वाळवलेली ही फळं, म्हणजे उमेबोशी, वर्षानुवर्षं टिकतात. फुलांच्या हौशीमागे शिधा-सामग्रीचा हिशेब होता तर! मला तरी त्यामुळे ही बाग जास्त खरी वाटते.

उमे मुळात चीनमधून आलेलं. आठव्या शतकातल्या 'मान्योशू' काव्यसंग्रहात त्याच्यावर शंभराहून जास्त कविता आहेत, चेरीवर त्याच्या निम्म्याही नाहीत. चेरीचं कौतुक नंतरचं.

१८७३ मध्ये काइराकुएन सार्वजनिक उद्यान झालं. १८९६ मध्ये तोक्योकडून रेल्वे आली आणि त्याच वर्षी उमे महोत्सव सुरू झाला. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात नारिआकीचा तिमजली वाडा जळाला. आज दिसतो तो नंतर बांधलेला.

आता बागेत सुमारे १०० जातींची ३,००० झाडं आहेत. काही लवकर फुलतात, काही उशिरा, म्हणून बहर मार्चपर्यंत पुरतो. जूनमध्ये फळं उतरवतात आणि लोकांना विकतात.