रस्ता रिकामा नव्हता

मुंबईची १८६०च्या आसपासची छायाचित्रं पाहताना बऱ्याचदा एक प्रश्न छळतो. माणसं गेली कुठे? रस्ता ऐसपैस, दुकानं उघडी, भिंतीवर टळटळीत ऊन, आणि वाटेवर चिटपाखरू नाही. १८६४च्या शिरगणतीत या बेटावर ८,१६,५६२ माणसं मोजली गेली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि पोटासाठी लोक सगळीकडून येत होते. ती माणसं रस्त्यावर होतीच. कॅमेऱ्यासमोरून गेलीसुद्धा. फिल्मच्या जागी तेव्हा कॅमेऱ्यात असे त्या काचेवर मात्र उतरली नाहीत.

थोडा हिशेब करू. तेव्हाच्या काचेवर चित्र उमटायला उघड्यावरही काही सेकंद लागत. आपण दहा धरू. साधारण चालीचा माणूस सेकंदाला सव्वा मीटर पुढे सरकतो. त्याच्या अंगाची रुंदी अर्धा मीटर धरली, तर एका जागेवरून तो ०.४ सेकंदात पार होतो. म्हणजे दहा सेकंदांपैकी पंचविसावा हिस्सा त्याचा आणि उरलेले चोवीस हिस्से मागच्या भिंतीचे. भिंतच उमटणार!

पॅरिसमध्ये छायाचित्रणाच्या आद्य जनकांपैकी एक असलेल्या दागेरने १८३८ साली खिडकीतून एका वाहत्या हमरस्त्याचं चित्र घेतलं, तेव्हा तर काही मिनिटं लागली. गाड्याघोडे, गर्दी सगळं पुसलं गेलं. उरला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक गृहस्थ आणि त्याच्या पायाशी बसलेला पॉलिशवाला, तोही जरा पुसट. छायाचित्रात सापडलेली ही बहुधा पहिली माणसं.

मुंबईत ही कला फार लवकर रुजली. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे पेशाने डॉक्टर, पण कॅमेराही तितक्याच हौसेने हाताळत. त्या पिढीचे कष्ट आठवले की मला अपार आदर वाटतो. तेव्हाची पद्धत ओल्या काचेची. ईथर आणि अल्कोहोलमध्ये बनवलेलं कलोडियन नावाचं चिकट द्रावण काचेवर ओतायचं, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच चित्र घेऊन लगेच रसायनांनी धुवायची. ईथर उकळतं साधारण ३५ अंशांना. मुंबईच्या उन्हाळ्यात काच किती झटपट सुकत असेल ते पाहा. म्हणून काळोखी तंबू, बाटल्या, पाणी, सगळं बिऱ्हाड रस्त्याच्या कडेला थाटावं लागे.

मग चित्रात राहिलं कोण? गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेला गाडीवान. गादीवरचा दुकानदार. उभा बैल, ज्याची शेपटी तेवढी धुरकट झालेली असते. आणि पुसलं कोण गेलं? पखाल घेऊन जाणारा भिस्ती, डोक्यावर पाटी घेतलेला हमाल, बाजाराकडे झपझप निघालेली कोळीण. ज्यांच्या पायांवर शहर चालत होतं, तेच नेमके गायब! जुन्या शहरांबद्दल आपल्या मनात जो शांत, निवांत देखावा असतो, त्यात या रसायनाचा वाटा मोठा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

रंगांचीही गफलत होते. त्या काचेला दिसे तो मुख्यतः निळा-जांभळा प्रकाश आणि त्यापलीकडचा अतिनील. त्यामुळे निळं आकाश पांढरंफटक, तर लाल पगडी जवळजवळ काळी. जुन्या फोटोतल्या काळ्या पागोट्यावरून कुणी ‘तेव्हा काळी पागोटी घालत’ असं सांगू लागलं, तर जरा थांबायला हवं. काचेच्या थरात विशिष्ट रंगद्रव्यं मिसळली तर तिला इतर रंगही दिसू लागतात, हे जर्मनीत फोगेल या रसायनतज्ज्ञाला १८७३ साली उमगलं.

काळ ओळखायच्या खुणा मात्र रस्त्यातच पडलेल्या असतात. रूळ आहेत, वर तार नाही? मग ही घोड्यांच्या ट्रामची मुंबई. ती ९ मे १८७४ला सुरू झाली, कुलाबा ते पायधुणी. वर तारा दिसल्या तर १९०७नंतरचं, विजेच्या ट्रामचं शहर.

१८८०च्या सुमारास जिलेटिनच्या कोरड्या काचा सर्रास मिळू लागल्या आणि सेकंदाच्या लहानशा अंशात चित्र घेता येऊ लागलं. सेकंदाच्या पंचविसाव्या भागात आपला पादचारी जेमतेम ५ सेंटीमीटर सरकतो. तो आता काचेवर उतरतो, पाऊल उचललेला.

आणि नेमकं त्यानंतर शहर खरोखर ओस पडलं. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लोक गाठोडी बांधून गावाकडे पळाले. १८९१ची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, ती १९०१मध्ये ७,७६,००६ भरली. म्हणजे १८६५चा रिकामा रस्ता आणि १८९७चा रिकामा रस्ता शेजारी ठेवले तर ते सारखे दिसतील. पहिला भास असेल, दुसरा खरा असू शकेल.

फरक कसा ओळखायचा? जुन्या काचेचं मोठं स्कॅन घ्यावं आणि रस्त्याच्या पातळीवर नजर सावकाश फिरवावी. कलोडियनमधले चांदीचे कण इतके बारीक असतात की चित्र कितीतरी पट मोठं केलं तरी तपशील टिकतो. मग भिंतीच्या खालच्या भागावर धुरासारखे आडवे पट्टे दिसू लागतात. हीच ती माणसं. बहुतेक पट्टे माणसाच्या डोक्याच्या उंचीला संपतात. एखादा हातभर वर जातो, तिथून कुणीतरी डोक्यावर ओझं घेऊन गेलेलं असतं.